बाईंचा वर्ग तपासताना

शास्त्रज्ञ मंडळींना मी आवडत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरच ते दिसतं. माझं काम त्यांना एकच साधी गोष्ट शिकवण्याचं आहे: तुम्ही जे प्रशिक्षण देता, त्यातून कुणाला काही आलं का, हे कसं बघायचं. यात राग येण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. येतो, चांगलाच येतो. जो माणूस प्रयोगशाळेत एक आकडा पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय मान्य करत नाही, तोच माणूस आपल्या प्रशिक्षणाच्या बाबतीत किती जण आले, किती जणांना प्रमाणपत्र दिलं आणि पायऱ्यांवरचा फोटो कसा छान आला, एवढ्यावर खूश असतो. शेवटच्या दिवशी एक कागद वाटायचा, त्यावर हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची चित्रं. सगळे हसऱ्यावर खूण करतात, कारण सगळ्यांना घरी जायची घाई असते. झालं मूल्यमापन. मी हे वर्गात बोलून दाखवते तेव्हा पहिल्या रांगेतल्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. मला त्या आठ्या आवडतात, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी मात्र पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

त्या वनस्पतींच्या रोगांवर काम करायच्या. दरवर्षी लांबलांबच्या छोट्या संशोधन केंद्रांतून तरुण संशोधक त्यांच्याकडे यायचे आणि रोगट पानावरची बुरशी मायक्रोस्कोपखाली कशी ओळखायची ते शिकून जायचे. संस्थेत सगळे त्यांना बाई म्हणत, मी आई म्हणते. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. आणि नेमके तेव्हाच नवे संचालक आले आणि त्यांनी जाहीर केलं की परत गेल्यावर माणसं खरंच काही वेगळं करतात असं ज्या वर्गांना दाखवता येईल, तेवढेच पुढच्या वर्षी चालतील. ते दाखवायचं कसं, हे शिकवायला त्यांनी मला बोलावलं. मी आधीच सांगितलं की तिथे माझ्या सासूबाई आहेत. मग तर उत्तमच, म्हणाले, घरी कुणी विरोध करणार नाही. या माणसाला घराविषयी काहीच माहिती नाही, हे मला तेव्हाच कळलं.

निवृत्तीचं आईंना काही वाटत नव्हतं. खुर्ची गेली तर गेली. पण वर्ग त्यांना त्यांच्या हाताखालच्या मुलीकडे सोपवायचा होता. ती सगळ्यांत शेवटी रुजू झालेली, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. वर्ग बंद पडला तर आपण इतकी वर्षं केलं ते आपल्याबरोबरच संपणार, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. त्या तसं बोलल्या नाहीत. पण एकाच छताखाली राहणाऱ्या माणसाला कळतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एक वाक्य पुरं करायला दिलं: 'माझ्या वर्गातून परत गेल्यावर माणूस त्याच्या जागी, माझ्याशिवाय, अमुक करील.' लोकांनी नेहमीचंच लिहिलं. कुणी लिहिलं जाणीव निर्माण होईल, कुणी लिहिलं क्षमता वाढेल. आईंनी लिहिलं, 'बुरशीवर प्रेम करील.' वर्ग हसला. मला तिथे सून होऊन चालणार नव्हतं. मी विचारलं, हे प्रेम बघायला मी त्याच्या प्रयोगशाळेत गेले तर मला काय दिसेल? त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं, मग ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'पानावरची बुरशी कुणाच्या मदतीशिवाय ओळखील.' मी म्हटलं, हे दिसतं. हे तपासता येतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी भाजी चिरताना विळीचा आवाज जरा जास्तच येत होता. नवऱ्याने हवेचा अंदाज घेतला आणि कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर गेला. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलं होतं. शेवटी आईच म्हणाल्या, "निघताना रडतात गं मुलं माझी. दरवर्षी."

"रडणं हा पुरावा नाही, आई," मी म्हणाले.

आणि जीभ चावली. पण शब्द तोंडातून गेला होता. माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दुःख असं की मी तेव्हा रागावलेसुद्धा नव्हते, नुसती खरं बोलले होते. आई भाजी पातेल्यात टाकत म्हणाल्या, की बरं, मग पुरावा कुठे मिळतो ते दाखव.

पुरावा मिळतो माणसाच्या जागी. जुन्या विद्यार्थ्यांच्या केंद्रावर जायचं, त्यांना त्यांचं काम करायला सांगायचं आणि नुसतं बघायचं. माझा यात एकच नियम आहे, हात मागे. कितीही वाटलं तरी पुढे होऊन काही करून दाखवायचं नाही, सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. शिक्षकाला याहून कठीण शिक्षा नसते. आई म्हणाल्या, मी आयुष्यभर बुरशी वाढायची वाट बघत बसले आहे, मला नको शिकवूस.

पहिल्याच केंद्रावर त्यांचा सर्वांत लाडका विद्यार्थी होता. मिशी नुकती फुटलेली असताना वर्गाला आला होता म्हणून त्याचं नाव मिशा पडलेलं. आता चांगल्या भरघोस होत्या. आम्हाला बघून त्याला काय करू आणि काय नको असं झालं. चहा सांगितला, आपल्या साहेबांना बोलावून आणलं, या माझ्या बाई, यांच्यामुळे मी आहे असं चारचौघांत सांगितलं. आईंचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. मनात म्हटलं, चला, निदान इथे तरी मला वाईटपणा घ्यायला नको.

मग मी त्याला म्हटलं, तपासायला रोगट पानं आलीच आहेत, तर एक बघून दाखव ना.

मायक्रोस्कोप चांगला होता, आईंच्या प्रयोगशाळेतल्यापेक्षा नवा. त्याने वरचं कापड काढलं, पानाचा तुकडा काचेवर नीट बसवला, डोळा लावला. बराच वेळ डोळा लावून होता. मग एक चाक फिरवलं, दुसरं फिरवलं, काच काढून पुसली. आम्हीही आळीपाळीने बघितलं. आत नुसतं पांढुरकं धुकं. मायक्रोस्कोपला खाली दिवा असतो, दिव्यावर एक भिंग असतं आणि उजेड कमी-जास्त करायला एक झडप. ही तिन्ही जुळली नाहीत तर चांगल्यातलं चांगलं यंत्रही आंधळं होतं, आणि बुरशीचे बिनरंगाचे कण तर उजेडात विरून जातात. दिवा तिरका होता, भिंग पार खाली होतं, झडप सताड उघडी होती. हे मला नंतर कळलं. आईंना एका नजरेत दिसलं होतं. त्यांचा उजवा हात पुढे निघाला. मी खोकले. हात परत मागे गेला, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी तो मनगटाशी घट्ट धरला.

मिशाच्या कपाळावर घाम आला होता. हसून म्हणाला, "यंत्रातच खोट आहे, बाई. तुमच्याकडचं कसं, डोळा लावला की दिसायचं." मग सांगू लागला, की हल्ली तो पानांचे फोटो काढून एका मित्राला पाठवतो. तो मित्र सांगेल तो रोग हे केंद्र लिहून मोकळं होतं.

दुसऱ्या केंद्रावर तेच झालं. तिसऱ्यावर मायक्रोस्कोपवर टेबलक्लॉथ होता आणि टेबलक्लॉथवर फुलदाणी. सगळ्यांना बुरशींची नावं पाठ, सगळ्यांच्या भिंतीवर आईंच्या वर्गाचा फोटो, सगळ्यांचं यंत्र खराब. परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं डुलकी लागली. पण त्या खिडकीकडे बघतच बोलू लागल्या.

म्हणाल्या, यंत्रं खराब नाहीत. मुलांना मीच खराब केलं. वर्गाच्या दिवसांत त्या पहाटे उठून संस्थेत जायच्या, हे मला माहीत होतं; काय करायला, ते कधी विचारलं नव्हतं. मुलं यायच्या आधी त्या एकेका टेबलापाशी बसायच्या आणि एकेक मायक्रोस्कोप जुळवून ठेवायच्या. परीक्षेच्या दिवशीसुद्धा. दिवा कसा जुळवायचा हे त्या फळ्यावर आकृती काढून शिकवत, मुलं माना डोलवत, आणि मग तयार यंत्राला डोळा लावून थक्क होत. त्यांच्या हातांनी ते कधीच केलं नव्हतं.

"पण का, आई?"

त्या विद्यार्थिनी होत्या तेव्हा त्यांच्या सरांनी त्यांना सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. त्यांना आत काही दिसत नव्हतं. सर म्हणाले होते, डोळे कशाला दिलेत देवाने? सगळी मुलं हसली. पुढे कितीतरी दिवस मायक्रोस्कोपपाशी बसायचं त्या काहीतरी कारण काढून टाळायच्या. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला, की आपल्या वर्गात एकाही मुलाला धुकं दिसता कामा नये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षानुवर्षं पहाटे उठून ही बाई मुलांचा अपमान टाळत होती, आणि त्यांना पांगळं करत होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, की याचा एक नमुना आपल्या घरीही आहे, तुमचा लेक. लग्नानंतर सहा महिने त्याला आपला टॉवेल कुठे असतो ते माहीत नव्हतं, कारण आयुष्यभर तो दाराबाहेर अडकवलेला मिळत होता. आई हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, त्याला तू शिकवलंस, आता यांचं काय करू?

अहवाल त्यांनीच लिहून समितीपुढे मांडायचा होता. इथे मला स्वतःची गंमत वाटते. शास्त्रज्ञांना खडे बोल सुनावणारी मी, आईंसमोर कागद घेऊन बसले आणि माझी जीभ मऊ झाली. मी म्हटलं, असं लिहू की शिकणाऱ्यांत विषयाची गोडी टिकून आहे, नावं पक्की आहेत, साधनांच्या काही अडचणी आहेत. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. समितीने वाचलं असतं, माना डोलवल्या असत्या, वर्ग धाकटीच्या हाती गेला असता. आईंनी माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"तू पण माझ्यासाठी दिवा जुळवून ठेवतेस का?" त्या म्हणाल्या.

मला मान वर करून बघवेना. नवरा दारातून डोकावला, आत बघितलं आणि चहा करायला निघून गेला. तेवढं त्याला आता येतं.

समितीपुढे त्या उभ्या राहून बोलल्या. मी मागे बसले होते. त्यांनी आडपडदा ठेवला नाही: जिथे जिथे गेलो तिथे एकालाही येत नाही, आणि का येत नाही तेही सांगितलं. संचालकांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, बाई, तुम्हीच सांगताय की वर्गाचा उपयोग झाला नाही, मग मी तो पुढे चालवू कसा? आई म्हणाल्या, "मला कारण आत्ता कळलंय. एक वर्ग द्या. नंतर धाकटीला मुलांच्या केंद्रांवर पाठवा, मला नको. येत नसेल, तर माझ्याबरोबर वर्गही बंद करा."

हे बोलणं त्यांच्या किती जिवावर आलं असेल, ते त्यांनी पाठीमागे धरलेल्या हातांवरून मला दिसत होतं.

तो शेवटचा वर्ग ज्यांनी बघितला ते अजून आठवण काढतात. आईंनी जुन्याच विद्यार्थ्यांना बोलावलं आणि सांगितलं, आपापला मायक्रोस्कोप घेऊन या. मुलं बसमधून, रिक्षातून, मांडीवर खोकी घेऊन आली. एकाने लहान मुलाला गुंडाळावं तसं शालीत गुंडाळून आणलं होतं. पहिल्या सकाळी आई पहाटे उठल्या, सवयीने साडी नेसून तयार झाल्या, आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिल्या. मी त्यांच्याजवळ बसले. सगळ्यांबरोबर, वेळेवर जायचं होतं.

वर्गात त्यांनी आधी आपलं यंत्र धाकटीला बिघडवायला लावलं. सगळ्यांच्या समोर त्या धुक्यात डोळा लावून बसल्या आणि काय दिसत नाही, आता काय करून बघते, हे मोठ्याने सांगत गेल्या. दोनदा चुकल्या. एकदा दिवाच गेला असं वाटलं आणि बटण बंद निघालं, तेव्हा वर्गाबरोबर त्याही हसल्या. मग म्हणाल्या, आता तुमचं. इथे सगळ्यांना धुकंच दिसणार आहे, कुणी लाजायचं नाही. आणि मागच्या बाकावर जाऊन हात मांडीखाली घेऊन बसल्या.

सकाळभर कुणालाच काही दिसलं नाही. मिशाने तर यंत्राशी भांडण मांडलं. धाकटी दुपारी सगळ्यांमधून फिरायची, कोण कुठे अडलंय ते बघायची आणि दुसऱ्या दिवसाचा धडा त्यावरून बदलायची. वर्ग संपल्यावर नाही, चालू असतानाच लक्ष ठेवायचं, हे मी तिच्या डोक्यात भरवलं होतं. मी अध्येमध्ये डोकावून जायचे. हळूहळू एकेका टेबलावरून 'दिसलं' असा आवाज येऊ लागला. मिशा सगळ्यांत शेवटचा. आईंचा जीव त्याच्यात अडकला होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. निघताना या खेपेला कुणी रडलं नाही. सगळे आपापलं खोकं सांभाळण्यात गुंतले होते.

त्यानंतर आई निवृत्त झाल्या. हार, भाषणं, शाल, सगळं झालं. घरी त्यांनी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं आणि रोज अर्धवट सोडलं. धाकटी ठरल्याप्रमाणे केंद्रांवर फिरत होती आणि आमच्या घरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. फोन करून विचारायचं नाही असं आईंनीच ठरवलं होतं. फोन वाजला की मात्र कपाटापाशी हालचाल थांबायची.

एका दुपारी धाकटी थेट घरीच आली. चप्पल काढतानाच तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिने पाणीसुद्धा नको म्हटलं आणि नीट क्रमाने सांगू लागली, मी शिकवलं होतं तसं. बहुतेकांनी तिच्यासमोर दिवा जुळवला, बुरशी शोधली, बरोबर ओळखली. दोघांना अजून जमत नाही. एकाचं भिंग खरंच तडकलं आहे, दुसरा कंटाळा करतो. फुलदाणी मायक्रोस्कोपवरून हलली आहे. संचालकांना तिने सकाळीच सगळं सांगितलं, आणि वर्ग पुढच्या वर्षी होणार आहे. तीच घेणार आहे.

आईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि आमचा मिशा?"

मिशा तर सगळ्यांत पुढे, ती म्हणाली. मी गेले तेव्हा तो एका नव्या मुलीला शिकवत होता. तिला धुकं दिसत होतं आणि हा हात मागे बांधून उभा. मित्राला फोटो पाठवणं बंद झालंय. आता तो मित्रच याला फोटो पाठवतो, आणि हा त्याला म्हणतो फोटोवरून नाही सांगता येत, पान पाठव.

आई ऐकत होत्या. चेहऱ्यावर समाधान होतं, पण अजून काहीतरी बाकी असल्यासारख्या त्या धाकटीकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "माझी आठवण काढली का गं त्याने?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. जे बघितलं, ऐकलं तेच सांगायचं, त्यात आपलं काही घालायचं नाही, हेही मीच तिला शिकवलं होतं. त्या क्षणी मला माझ्या शिकवण्याचा मनापासून राग आला.

"नाही, बाई," ती म्हणाली. "कामात होता."

आईंनी मान डोलवली. म्हणाल्या, मग जमलं. खरंच जमलं. धाकटीला त्यांनी आग्रहाने जेवायला वाढलं, पुढच्या वर्गात काय बदलायचं त्यावर दोघी बोलत बसल्या. ती गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"थोडं वाईट वाटलं गं," त्या म्हणाल्या. "हे तुमच्या मूल्यमापनात कुठे लिहायचं असतं?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "लिहायचं नसतं, आई. मला सांगायचं असतं."